मुक्काम पोस्ट मुख्यालय

'आपण राहता कुठे?' हा प्रश्न पूर्वी फक्त लग्नाच्या मुलाला विचारीत. उत्तर ऐकून मुलगी देत किंवा देत नसत. आता तो सगळ्यांनाच विचारतात आणि उत्तर ऐकून पगार देतात किंवा देत नाहीत. मुलगी न मिळण्याचं दुःख काळाच्या ओघात कमी होतं असं म्हणतात. पगाराचं तसं नाही. तो दर महिन्याला नव्यानं मिळत नाही.

हा प्रश्न विचारणं हाच माझा धंदा आहे. मी बँकेत कारकून आहे. (२०२४ च्या करारानंतर आम्हाला कारकून म्हणायचं नाही, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं. काऊंटरपलीकडचे लोक पूर्वीप्रमाणेच 'ओ साहेब' म्हणतात आणि घरचे काहीच म्हणत नाहीत.) दिवसभर मी लोकांकडे पत्त्याचा पुरावा मागत असतो. समोर सहा फूट उंचीचा, घाम आलेला, चांगला जिवंत माणूस उभा असतो. पण तो कुठे राहतो हे त्याच्या तोंडून ऐकायची मला परवानगी नाही. ते मला कागदाकडून ऐकायचं असतं. काही कामांना विजेचं बिल चालतं, पण तेही दोन महिन्यांच्या आतलं. म्हणजे अडीच महिन्यांपूर्वी माणूस तिथं राहत होता याला पुरावा आहे, पण मधल्या पंधरा दिवसांत तो घर डोक्यावर घेऊन कुठे गेला नसेल कशावरून?

बी. कॉम.ला आम्हाला सस्पेन्स खातं शिकवलं होतं. जी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नाही, ती तात्पुरती तिथं टाकून ठेवायची आणि सवडीनं शोधायची. परीक्षेत ताळेबंद जुळला नाही की मी सढळ हातानं या खात्याचा आधार घेत असे. त्या वेळी कल्पना नव्हती, की पुढे माणसांचंही एक सस्पेन्स खातं निघेल आणि त्यात मी, माझी बायको, माझा अमेरिकेतला भाचा आणि निम्मी इगतपुरी जमा होईल.

इगतपुरी हे गाव मुळातच सीमेवरचं. खाली कसारा ठाणे जिल्ह्यात, वर आम्ही नाशिक जिल्ह्यात आणि मध्ये थळ घाट. १८६५ साली रेल्वे हा घाट चढून वर आली, तेव्हापासून प्रत्येक गाडी इगतपुरीला येऊन धापा टाकते. चढ सदतीसास एक. गाडीला तो एकटीला झेपत नाही म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. गाडीला मागून ढकलायचं, वर पोचलं की निमूटपणे सुटायचं आणि पुन्हा खाली जाऊन दुसरीच्या मागे उभं राहायचं. गाडी पुढे दिल्लीला गेली काय नि हावड्याला गेली काय, बँकरचा मुक्काम घाटातच. बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माझं असं मत झालं आहे, की हे नाव ठेवणाऱ्या इंग्रजाचा भाऊ बँकेत असला पाहिजे.

दुसरी गंमत म्हणजे, कित्येक वर्षं इगतपुरीला इंजिनांनासुद्धा व्हिसा लागत असे. मुंबईकडच्या तारांत एका जातीची वीज, पलीकडच्या तारांत दुसऱ्या जातीची. मुंबईचं इंजिन इगतपुरीला थांबायचं, पुढचं जोडायचं आणि तेवढ्या वेळात डब्यातले लोक खाली उतरून वडे खायचे. आमच्या गावाची निम्मी कीर्ती या सक्तीच्या थांब्यावर उभी होती. पुढे दोन्हीकडे एकच वीज झाली. आता इंजिन मुंबईहून निघतं ते इगतपुरीकडे ढुंकूनही न बघता पुढे जातं. इंजिनांचा प्रश्न सुटला. माणसांचा राहिला.

कारण माणसं रोज घाट उतरतात. इगतपुरी ते मुंबई सुमारे १३७ किलोमीटर. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हापासून नाशिक-इगतपुरीकडच्या माणसाला सकाळी मुंबईत जाऊन नोकरी करता येते आणि रात्री घरच्या गादीवर झोपता येतं. पासवाल्यांच्या डब्यात एक आख्खी पिढी म्हातारी झाली. तिथं वाढदिवस होतात, सेवानिवृत्तीचे सत्कार होतात, मुलामुलींची लग्नं जमतात. रेल्वे या लोकांना महिन्याचा पास देते आणि 'का जाता, का येता' असं विचारत नाही. साऱ्या सरकारी खात्यांत मला रेल्वेचा आदर वाटतो तो एवढ्यासाठी. तिला फक्त दोन स्टेशनांची नावं लागतात. त्यातलं कुठलं तुमचं खरं, हा प्रश्न तिला पडत नाही.

बाकी सगळ्यांना पडतो. मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला २०२० साली.

माझी शाखा घाटाखाली, ठाणे जिल्ह्यात. टाळेबंदीत गाड्या बंद, एस. टी. बंद, बँक मात्र चालू, कारण लोकांनी भूक आणि धीर दोन्ही धरला तरी पेन्शन काढायचं कोणी थांबवत नाही. मी मोटारसायकलनं घाट उतरू लागलो. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला तेव्हा पोलिसांचा ई-पास लागे. लग्न, मयत, आजारपण अशी कारणं त्याला चालत. बँकवाल्यांना अत्यावश्यक सेवेत धरलं होतं, तेव्हा ओळखपत्र पुरे, असा माझा समज. घाटात बांबूचा अडसर आणि अडसराशी हवालदार.

"कुठून?"

"इगतपुरी."

"कुठं?"

"ब्रँचला. बँकेत आहे."

त्यानं ओळखपत्र काठीच्या टोकानं फिरवून दोन्ही बाजूंनी वाचलं. "ह्यावर पत्ता तर खालचा आहे."

"तो बँकेचा आहे."

"मग तुमचा?"

मी आधारकार्ड काढलं. त्यानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. एखाद्या ज्योतिषानं न जुळणाऱ्या पत्रिका बघाव्यात तसा त्याचा चेहरा झाला.

"म्हणजे राहता वर आणि काम खाली?"

"हो."

"का?"

वाचकहो, या 'का'ला उत्तर नाही. माझे आजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही इगतपुरीचे. वडिलांनी इथं घर बांधलं, आईची सांधेदुखी इथं, बायकोची शाळा इथं, मुलांचे मित्र इथं, आणि बँकेनं बदली केली ती खाली. यातलं काय काय त्या हवालदाराला सांगणार? सगळं सांगितलं असतं तर त्यानं आजोबांचा पास मागितला असता.

तिसऱ्या दिवशी मीच त्याला विचारलं, "तुम्ही कुठले?" तो संगमनेरकडचा निघाला. घरी जाऊन त्याला अडीच महिने झाले होते. आपल्यालाही पास काढायला लागेल, असं तो म्हणाला आणि अडसर वर केला. त्यानंतर त्यानं माझं कार्ड कधी बघितलं नाही. जुलैपर्यंत तो माझ्याशी गृहकर्जाच्या व्याजाबद्दल बोलू लागला होता.

त्या वर्षीच्या ऑगस्टची कथा तर बखरीत लिहून ठेवण्यासारखी आहे. २० ऑगस्टला एस. टी.ची आंतरजिल्हा वाहतूक सुरू झाली आणि एस. टी.नं जाणाऱ्याला पास नको असं ठरलं. स्वतःच्या गाडीनं एकट्यानं जाणाऱ्याला मात्र पास हवाच. म्हणजे मी एकटा मोटारसायकलवर, तोंडाला फडकं बांधून निघालो तर समाजाला धोका. आणि अनोळखी उतारूंच्या शेजारी लाल डब्यात बसलो तर धोका टळला. यावरून विषाणू एस. टी.त चढत नाही, असा एक शास्त्रीय निष्कर्ष निघत होता आणि ज्यांनी एस. टी.त चढायचा प्रयत्न केला आहे त्यांना तो पटण्यासारखाही होता. दोनच दिवसांनी दिल्लीहून केंद्राच्या गृहखात्यानं राज्यांना कळवलं, की अशी अडवणूक करू नका. २ सप्टेंबरला पास गेला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत आला आणि पावसाबरोबर पुन्हा गेला. एकदा काढलेला फॉर्म सरकार कधी फेकून देत नाही.

ते दिवस साथीचे होते, हे मला मान्य आहे. पण साथ गेली आणि प्रश्न राहिला, म्हणून हा लेख.

आता कोणी म्हणेल, की हे आपल्याकडचंच. तर तसं नाही. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा परगण्यात लाखाच्या वर माणसं परदेशातून, बहुतेक फ्रान्समधून, कामाला येतात आणि काम झालं की परत जातात. त्यांना सीमेवरच्या कामगाराचा एक खास परवाना मिळतो. त्याची अट अशी, की माणसानं आठवड्यातून निदान एकदा आपल्या घरी परत गेलंच पाहिजे. वाचलंत? गेलंच पाहिजे! तिकडे घरी जा म्हणून कायदा आहे आणि इकडे घरी जाऊ नका म्हणून. घरून काम करायचं म्हटलं तर मात्र तिथंही हिशेब सुरू होतो. फ्रान्समधल्या घरी बसून वर्षातलं चाळीस टक्क्यांपर्यंत काम केलं तर कर स्वित्झर्लंडचा, पुढे गेलात की भानगड. आणि विम्याची वर्गणी कुठल्या देशात भरायची त्याची रेघ निराळी, पन्नास टक्क्यांच्या आतली. पाठीमागे चष्मा लावलेला कोणी तरी बसून 'आज किती टक्के घरी होता' हे मोजत असणार. माझ्यासारखाच कारकून असेल बिचारा.

आणि भाच्याची गोष्ट सांगितल्याशिवाय तर पुढे जाताच येत नाही. माझा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत, एच-वन-बी नावाच्या व्हिसावर आहे. हा व्हिसा माणसाला मिळतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो माणूस, मालक आणि जागा अशा तिघांना मिळून मिळतो. कामाची जागा शहराच्या टापूबाहेर बदलली की नव्यानं अर्ज करायचा, हे २०१५ च्या एका निकालानं पक्कं झालं. साथीत सगळे घरी बसून काम करू लागले, तेव्हा भाच्याचं घर हीच त्याची कामाची जागा झाली. आता तिथला आणखी एक नियम असा, की अशा कामगाराची जागा, हुद्दा आणि पगार लिहिलेली नोटीस कामाच्या ठिकाणी दोन ठळक जागी दहा दिवस लावायची, म्हणजे बरोबरीच्या कामगारांना ती वाचता यावी. कामाचं ठिकाण म्हणजे घर. तेव्हा भाच्यानं एक नोटीस फ्रिजवर लावली आणि दुसरी बाथरूमच्या दारावर.

बरोबरीची कामगार म्हणजे त्याची बायको. तिनं दोन्ही नोटिसा वाचल्या. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला नवऱ्याचा खरा पगार कळला तो अमेरिकन सरकारकडून. तक्रार असल्यास कुठे करावी हेही त्या कागदावर असतं. तिनं म्हणे बारकाईनं वाचून पाहिलं. पण घोरणं, ओले टॉवेल वगैरे विषय त्या खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत.

हसू नका. पुढचं ऐका. २०२५ च्या जानेवारीपासून तिथल्या तपासनिसांना घरी येऊन पाहणी करण्याचा अधिकार लेखी नियमात आला. म्हणजे भाचा खरोखरच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काम करतो, की चोरून दिवाणखान्यात बसतो, हे कोणी तरी बघायला येऊ शकतं. घराचे हप्ते, मुलाची शाळा, बायकोची नोकरी हे सगळं त्या टेबलाला टांगलेलं. भाचा फोनवर हसत हसत सांगतो, पण घर बदलायचं म्हटलं की आधी वकिलाला विचारतो आणि मग बायकोला. आमच्या खानदानात हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आपणही मागे नव्हतो बरं का. परदेशच्या गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या ज्या कंपन्या आपल्याकडे आहेत, त्यांनी आपला माणूस घरून कामाला बसवायचा तर दूरसंचार खात्याकडे एक कोटी रुपयांची अनामत ठेवायची, असा नियम २०२० पर्यंत होता. एक कोटी! पोरानं आईच्या शेजारी बसून फोन उचलायचा त्याचे. साथ आली तेव्हा मार्चमध्ये हा नियम तात्पुरता बाजूला ठेवला आणि नोव्हेंबरात गुंडाळलाच. आभाळ कोसळलं नाही. फोन पूर्वीसारखेच उचलले गेले आणि पूर्वीसारखेच मध्येच तुटले. जो नियम आठ महिने नसला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, तो इतकी वर्षं कशासाठी होता, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

तर माझं भांडण आहे ते या पत्त्याच्या भक्तीशी. काम झालं का, वेळेवर झालं का, नीट झालं का, हे तीन प्रश्न विचारायला कष्ट पडतात. त्यासाठी काम म्हणजे काय ते कळावं लागतं. 'राहता कुठे' हे विचारायला काहीच कळावं लागत नाही. म्हणून साहेब लोकांना तो प्रश्न आवडतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त गार्ड राहतात. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. एकूण हुद्द्यांचं बारसं करण्याचा हा काळ आहे. पण ते त्याआधी निवृत्त झाले, म्हणून आमचे गार्डसाहेबच.) गार्डसाहेब कडवे मुख्यालयवादी आहेत. "माणूस नेमणुकीच्या गावी राहिलाच पाहिजे," हे वाक्य ते हिरवं निशाण दाखवल्यासारखं हात उंचावून म्हणतात. "आम्ही कशी नोकरी केली? बोलावणं आलं की अर्ध्या तासात डब्यात!"

खरं आहे. पण गार्डसाहेबांना एक गोष्ट आठवत नाही, कारण ती त्यांना फुकट मिळाली होती. इगतपुरीची रेल्वे वसाहत तुम्ही पाहिली असेल. उतरती छपरं, जाड भिंती, ओटा, मागे शेवग्याचं झाड. इथं पाऊस पडतो तो तीन-तीन हजार मिलिमीटर. त्यात माणूस टिकायचा तर आधी त्याच्या डोक्यावर कौल पाहिजे, हे त्या जी. आय. पी. रेल्वेच्या गोऱ्या साहेबाला कळलं होतं. त्यानं माणूस ठेवला तिथं घरही बांधलं आणि त्याच्या जोरावर 'इथंच राहा' म्हणून सांगितलं. आपल्या सरकारनं या दोन गोष्टींतली दुसरी उचलली. ती स्वस्त पडते.

शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेवक यांनी मुख्यालयी राहावं, ही अट महाराष्ट्रात जुनी आहे. राहत असेल त्यालाच घरभाडे भत्ता. राहतो की नाही याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे, असंही २०१९ साली ठरलं. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षकांच्या मुख्यालयाचा विषय काढला आणि महाराष्ट्रभर मास्तर विरुद्ध आमदार असा सामना रंगला. त्यात कोण काय म्हणालं ते सोडून द्या. मला हिशेबनीस म्हणून एकच दिसतं. ज्या पाड्यावर भाड्यानं द्यायला एक खोली नाही, तिथं भाड्याच्या घराचा पुरावा मागितला की पुरावा निर्माण होतो, घर होत नाही. ज्या झोपडीत मालकाला पाय पसरायला जागा नाही, तिथं कागदावर दोन गुरुजी, एक ग्रामसेवक आणि एक आरोग्यसेवक सहकुटुंब सुखानं नांदत असतात. दाखला देणारा स्वतः तालुक्याला राहतो. तपासणारा जिल्ह्याला. आणि खोटा कागद सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणूनच तो बिनबोभाट चालतो. माझ्या काऊंटरवर असा एक कागद सरकवला तर मला नोकरीला मुकावं लागेल. इथं तो सरकवला नाही तर भत्त्याला मुकावं लागतं.

गार्डसाहेबांचा एक मुद्दा मी मान्य करतो आणि तो लहान नाही. रात्री दोन वाजता पाड्यावर बाई अडली, तर सिस्टर तिथंच पाहिजे. इगतपुरीहून सकाळच्या गाडीनं येणारी सिस्टर काय कामाची? आमच्या तालुक्यातून बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून नेल्याच्या बातम्या अजून येतात आणि त्या वाचून माझा सगळा युक्तिवाद घशाशी अडकतो. पण म्हणूनच म्हणतो, की रात्रीचं काम आणि दिवसाचं काम यांना एकच अट लावू नका. जिथं रात्री माणूस लागतो तिथं न गळणारं घर, पाणी, कडी असलेलं दार आणि रस्ता द्या आणि मग खुशाल सांगा, 'हलायचं नाही.' त्या सिस्टरच्या घरावर पत्रा घालायला लागणारा पैसा दाखले गोळा करण्यात कशाला घालवता? आणि जिथं दिवसा शाळा भरते तिथं शाळा भरली का ते बघा. घंटेच्या वेळी जाऊन उभे राहा. पोराला बेरीज विचारा. त्याला येत असेल तर मास्तर रात्री कुठे घोरतो याच्याशी सरकारला काय करायचं आहे?

खरं सांगायचं तर आमची रिझर्व्ह बँक या बाबतीत पुष्कळ शहाणी निघाली. आधारवर गावाकडचा पत्ता आहे आणि माणूस राहतो दुसरीकडे, असं असलं तर आताचा पत्ता त्यानं स्वतः लिहून दिलेला चालेल, अशी सोय तिनं आधारनं खातं उघडताना काही वर्षांपूर्वी केली. म्हणजे द्राक्षबागेत कामाला आलेला मजूर आता मला आपला पत्ता आपल्या तोंडानं सांगू शकतो. पहिल्यांदा एकानं सांगितला तेव्हा मलाच चमत्कारिक वाटलं. "फलाण्या शेठच्या मळ्यात, विहिरीच्या अंगाला, पत्र्याची खोली." मी लिहून घेतलं. त्याचं खातं उत्तम चाललं आहे. काही पांढरपेशांपेक्षा उत्तम. मजुराचा शब्द जर बँकेला चालतो, तर बाईंचा शब्द शाळाखात्याला का चालू नये?

बाई म्हणजे माझी बायको. ती तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चाळीस उंबऱ्यांचा पाडा, इगतपुरीपासून बावीस किलोमीटर. जून ते सप्टेंबर ती रेनकोट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर देवाचं नाव घेऊन स्कूटरनं जाते. चौदा वर्षांत तिची शाळा उशिरा उघडली ती दोनदा, दोन्ही वेळा ओढ्याला पूर होता आणि पोरं पलीकडून हात हलवत होती. तिच्याकडे मागे एक फॉर्म आला. 'मुख्यालयी राहता काय? होय / नाही.' पाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं आपली पडवी भाड्यानं दिली असं लिहून द्यायची तयारी दाखवली, तीही फुकट. बायको म्हणाली, "बाबा, त्या पडवीत तुमची शेळी राहते." म्हातारा म्हणाला, "शेळीचं नाव कुठं लिवायचंय?"

तिनं ते घेतलं नाही. फॉर्मवर तिनं लिहिलं, 'सकाळी दहा ते सायंकाळी पाच : होय.'

इकडे ग्रामसभेला ही भानगड कळली आणि बाईंचा भत्ता बुडू नये म्हणून लोकांनी आपणहून ठराव केला. भाषा त्यांची, अक्षर सातवीतल्या मुलीचं : बाई इथंच राहत्यात, रातच्याला निस्त्या झोपायला इगतपुरीला जात्यात. यापेक्षा खरं वाक्य माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. कचेरीनं तो ठराव 'संदिग्ध' असा शेरा मारून परत पाठवला आणि भत्ता थांबवला. शेरा मारणारे साहेब रोज नाशिकहून येतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वेळेवर येतात, असं बायको सांगते.

पुढच्या आठवड्यात तिला नोटीस आली : 'आपण मुख्यालयी वास्तव्यास आहात किंवा कसे याबाबत सात दिवसांत समक्ष खुलासा करावा.' नोटीस स्पीड पोस्टानं आली, आणि आली ती इगतपुरीला, आमच्या घरच्या पत्त्यावर. गल्लीचं नाव बरोबर, पिनकोड बरोबर आणि पाकिटाच्या कोपऱ्यात पोस्टमनच्या सोयीसाठी बारीक अक्षरात खूणही : 'निवृत्त गार्डसाहेबांच्या शेजारी.' आम्ही दोघंही कामावर होतो, म्हणून सही करून ती गार्डसाहेबांनी घेतली.